आकड्याचं आडनाव

दोस्तांनो, तुमच्या वर्गात दोन अमोल असले तर काय होतं? बाईंनी नुसतं "अमोल!" म्हटलं की दोघंही उभे राहतात. गृहपाठ एकानं केलेला नसतो आणि बोलणी बसतात दुसऱ्याला. मग बाई शहाणपणानं आडनावासकट हाक मारायला लागतात आणि भानगड मिटते.

आकड्यांचंही अगदी तसंच असतं बरं का! "चाळीस" हा नुसता आकडा झाला. चाळीस काय? किलो? फूट? गुंठे? आकड्याचं हे जे आडनाव, त्याला आपण शाळेत 'एकक' म्हणतो. पेपरात एकक लिहायचं राहिलं तर अर्धा गुण जातो आणि आपण घरी येऊन कुरकुरतो, "उत्तर तर बरोबर होतं, बाईंनी उगाच कापला!"

पण शाळेबाहेर एवढ्यावर भागत नाही. तिथं एककाच्या घोटाळ्यापायी सख्ख्या भावांत अबोला येऊ शकतो, घराची सळई बारीक निघू शकते, आणि एकदा तर भर आकाशात एका विमानाचं इंधनच संपलं होतं! ऐकायची आहे ती गोष्ट? ऐकू या. पण सुरुवात करू आपल्या जवळच्या मारुंजीपासून.

चाळीस आर की चाळीस गुंठे?

मारुंजी हे पुणे जिल्ह्यातल्या मुळशी तालुक्यातलं गाव. हिंजवडीला अगदी खेटून. हिंजवडीत राजीव गांधी इन्फोटेक पार्क आलं आणि बघता बघता आसपासच्या गावांचं रूप पालटलं. आता शेताच्या एका अंगाला ज्वारी आणि दुसऱ्या अंगाला उंच इमारत, असं दृश्य इथं दिसतं. ज्या जमिनीकडं पूर्वी फक्त शेतकरी पाहायचा, तिच्याकडं आता सगळ्यांचंच लक्ष असतं. आणि इथंच मापांची मोठी गंमत होते. गावातली मोठी माणसं जमीन सांगतात गुंठ्यांत. तलाठ्याकडचा सातबारा सांगतो हेक्टर आणि आरमध्ये. इमारतीवरची पाटी बोलते चौरस फुटांत. माती एकच, भाषा तीन!

आता समजा, अशा एखाद्या गावात दोन भाऊ आहेत. वडील नेहमी म्हणायचे, "धाकट्याच्या वाट्याला एक एकर." एक एकर म्हणजे चाळीस गुंठे, हे गावात पोरालाही ठाऊक. पुढं वडील गेले. जमिनीची मोजणी झाली. धाकट्यानं टेप आणि वही घेऊन स्वतः हिशेब केला, तर जमीन भरली ४३,०५६ चौरस फूट. एकराचे तर हवेत ४३,५६०!

"दादा, पाचशे चार फूट कमी भरतंय. बांध कोरलास का?"

"मी? अरे, मी बांधाला हात लावला नाही. सातबारा बघ. शून्य पूर्णांक चाळीस. म्हणजे चाळीस गुंठेच की!"

झालं! दिवाळीचा फराळ एकमेकांकडं जायचा बंद झाला.

आता तुम्हीच सांगा, चोर कोण? दोघांपैकी कुणीच नाही. चूक आहे 'चाळीस' या बिनआडनावाच्या आकड्यात. सातबाऱ्यावर ०.४०.०० असं लिहिलं असेल, तर त्याचा अर्थ शून्य हेक्टर, ४० आर, शून्य चौरस मीटर. आर म्हणजे १० मीटर लांब आणि १० मीटर रुंद तुकडा, म्हणजे १०० चौरस मीटर. गुंठा म्हणजे ३३ फूट लांब आणि ३३ फूट रुंद तुकडा, म्हणजे १,०८९ चौरस फूट. एक आर चौरस फुटांत मांडला तर होतो सुमारे १,०७६. म्हणजे गुंठा आरपेक्षा जवळजवळ १३ चौरस फुटांनी मोठा.

तुम्ही म्हणाल, "तेरा चौरस फूट म्हणजे काय, जेमतेम एका टेबलाएवढी जागा!" खरं आहे. पण हे टेबल चाळीस वेळा मांडा. होतात ५०४ चौरस फूट. एवढ्या जागेत एक खोली आणि स्वयंपाकघर सहज बसेल. समजा, एका गुंठ्याचा भाव दहा लाख रुपये आहे, तर हा फरक जातो साडेचार लाखांच्या वर. भाऊ भावाशी बोलेनासा होईल, नाही तर काय!

पूर्ण एक एकर सातबाऱ्यावर दिसतो तो ०.४०.४७ असा, म्हणजे ४० आर आणि वर ४७ चौरस मीटर. शेवटचे ते ४७ विसरायचे नाहीत. "एक हेक्टर म्हणजे अडीच एकर" हे वाक्यही तुम्ही ऐकलं असेल. गप्पांत ठीक आहे, व्यवहारात नाही. एक हेक्टर म्हणजे २.४७ एकर. अडीच धरलं तर हेक्टरमागं सव्वा हजार चौरस फुटांहून जास्त जमीन फक्त कागदावर उगवते!

तेहेतीस कुठून आले?

पण हा ३३ फुटांचा विचित्र आकडा आला तरी कुठून? सरळ तीस का नाही?

त्याचं उत्तर थेट इंग्लंडात सापडतं. सतराव्या शतकात एडमंड गुंटर नावाचे एक गणिती होते. त्यांनी जमीन मोजायला ६६ फूट लांबीची साखळी वापरात आणली. ६६ गुणिले ६६ म्हणजे ४,३५६ चौरस फूट. असे दहा चौकोन घेतले की ४३,५६०. हाच एकर! आता साखळी अर्धी करा. झाली ३३ फूट. ३३ गुणिले ३३ म्हणजे १,०८९, हा झाला आपला गुंठा. असे चाळीस गुंठे घेतले की पुन्हा ४३,५६०. कागद-पेन्सिल घ्या आणि पडताळून पाहा. गणित चोख बसतं.

मीटरचं घराणंच निराळं. तो जन्मला फ्रान्समध्ये, १७९० नंतरच्या दशकात. तिथल्या शास्त्रज्ञांनी ठरवलं, की माप राजाच्या हातावरून किंवा पायावरून नको, साऱ्या जगाचं असेल असं हवं. म्हणून उत्तर ध्रुवापासून विषुववृत्तापर्यंतचं अंतर घेतलं आणि त्याचा एक कोटीवा भाग म्हणजे मीटर, असं ठरवलं. एक माप साखळीच्या घरचं, दुसरं पृथ्वीच्या घरचं. मग एकाचं दुसऱ्यात रूपांतर करताना आकडे गोल कसे येतील? म्हणून तर १ मीटर म्हणजे ३.२८ फूट, असले अपूर्णांक आपल्या नशिबी आले. १ इंच म्हणजे बरोबर २५.४ मिलिमीटर, ही गाठही काही देशांनी मिळून १९५९ साली पक्की बांधली.

शेर गेला, शब्द राहिला

आपल्याकडं तर फार पूर्वीपासून गावोगावी मापं वेगळी. एका पेठेतला शेर दुसऱ्या पेठेत चालायचा नाही. शेतकरी माल घेऊन गेला की नेमका किती विकला हेच त्याला कळायचं नाही. हा गोंधळ संपवायला भारतानं १९५६ साली वजनमापांचा कायदा केला. १ एप्रिल १९५७ पासून नवे पैसे आले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, म्हणजे ६४ पैसे होत, ते आता १०० झाले. १ ऑक्टोबर १९५८ पासून किलोग्रॅमची वजनं टप्प्याटप्प्यानं बाजारात आली. घरात पंचाहत्तरी ओलांडलेले आजी-आजोबा असतील तर त्यांना जरूर विचारा. नव्या पैशांचे आणि जुन्या आण्यांचे हिशेब करताना काय तारांबळ उडायची, हे ते हसत हसत सांगतील.

माप बदललं, पण जिभेवरचे शब्द काही बदलले नाहीत. अजूनही भाजीवालीला आई म्हणते, "मावशी, पावशेर मिरच्या द्या." जुना शेर होता ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. त्याचा पाव भाग २३३ ग्रॅम. मावशी मात्र तराजूत टाकते २५० ग्रॅमचं वजन. म्हणजे जुन्या पावशेरापेक्षा १७ ग्रॅम जास्तच मिळाले.

आता सोनाराच्या दुकानात चला. जुना तोळा ११.६६ ग्रॅमचा. आज पेढीवर बोलताना तोळा म्हणतात तो १० ग्रॅमला. आजीनं सांगितलं, "माझ्या बांगड्या चार तोळ्यांच्या," तर ते जुने तोळे असू शकतात. जुने चार तोळे म्हणजे ४६.६ ग्रॅम, नवे चार म्हणजे ४०. साडेसहा ग्रॅम सोन्याचा फरक! म्हणून अशा वेळी तोळे विसरायचे आणि काट्यावरचे ग्रॅम पाहायचे. पावतीवरही ग्रॅमच लिहून घ्यायचे.

आणि नऊवारी? तिच्या तर नावातच माप आहे. वार म्हणजे तीन फूट. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरला थोडं कमी. उद्या कुणी "नऊ मीटरची नऊवारी" म्हणालं तर हळूच हसा आणि बाजूला नेऊन समजावून सांगा!

घर बांधायचं कशात?

आता पुन्हा मारुंजीकडं वळू. रस्त्यावरून बांधकामाकडं नुसतं पाहिलं तरी कळेल, की एकाच घराला किती प्रकारची मापं लागतात. सिमेंट येतं ५० किलोच्या गोणीत. वाळू आणि खडी येते ब्रासमध्ये. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट. सळईवर शिक्का असतो मिलिमीटरचा. नळाचा पाइप म्हणतात 'अर्धा इंची'. टाकी असते लिटरची. आणि मिस्त्री मात्र बोलतात सुतात!

हे सूत म्हणजे धागा नव्हे हं! इंचाचे आठ भाग केले की एक भाग म्हणजे एक सूत. मिलिमीटरमध्ये ३.१७५. पिंपरी-चिंचवड, भोसरी, चाकण या पट्ट्यात लोखंडाचं आणि सुतारकामाचं काम करणाऱ्या कुणालाही विचारा, सूत म्हणजे काय ते तो झोपेतही सांगेल. चार सूत म्हणजे अर्धा इंच, १२.७ मिलिमीटर. पण १२ मिलिमीटरच्या सळईलाही सर्रास 'चार सुती' म्हणतात. पुन्हा तेच! नाव एक, मापं दोन.

फरक किती? सात दशांश मिलिमीटर. नखाच्या जाडीएवढा म्हणा ना! पण थांबा. सळईची ताकद तिच्या जाडीवर नाही, तर कापल्यावर जो गोल दिसतो त्याच्या क्षेत्रफळावर अवलंबून असते. गोलाचं क्षेत्रफळ काढताना त्रिज्येचा वर्ग करतात, हे तुम्हाला माहीत आहेच. १२ चा वर्ग १४४. १२.७ चा वर्ग १६१.२९. म्हणजे लोखंड सुमारे अकरा टक्क्यांनी कमी! म्हणूनच इंजिनिअरच्या नकाशात सूत नसतं, मिलिमीटर असतात. नकाशात जे लिहिलंय तेच सळईवर आहे ना, एवढं बघायचं असतं.

वर्गाची ही गोष्ट आणखी एका ठिकाणी फसवते. जाहिरातीत फ्लॅट असतो चौरस फुटांत आणि करारनाम्यात चटई क्षेत्र बहुधा असतं चौरस मीटरमध्ये. समजा, करारनाम्यात ५५ चौरस मीटर लिहिलंय. एखादा घाईघाईत ५५ ला ३.२८ नं गुणतो आणि ओरडतो, "अहो बाबा, फक्त १८० चौरस फूट! फसवलं!" फसवलं कुणीच नाही. ३.२८ हा लांबीचा आकडा. क्षेत्रफळासाठी ३.२८ गुणिले ३.२८, म्हणजे १०.७६ नं गुणायचं. ५५ चौरस मीटर म्हणजे ५९२ चौरस फूट. आणि घनफळासाठी तीन वेळा गुणायचं, म्हणजे १ घनमीटर होतो ३५.३ घनफुटांचा. त्या हिशेबानं आपला ब्रास झाला २.८३ घनमीटरचा.

नटबोल्टाचंही असंच. १२ मिलिमीटरचा बोल्ट आणि अर्ध्या इंचाचा बोल्ट लांबून जुळे भाऊ वाटतात. पण त्यांचे आटे निराळे. पहिल्याचे साधारणपणे पावणेदोन मिलिमीटरला एक, दुसऱ्याच्या जुन्या इंग्रजी प्रकारात इंचाला बारा. एकाचं नट दुसऱ्यावर नीट बसत नाही, आणि जबरदस्तीनं फिरवलं तर आटे मरतात. कारखान्यात म्हणूनच दोन्हींचे डबे वेगळे ठेवायचे असतात.

आकाशात संपलेलं इंधन

आता ती विमानाची गोष्ट. कॅनडा देशात सत्तरीच्या आणि ऐंशीच्या दशकांत मेट्रिक मापं आणायचं काम चालू होतं. आपल्याकडं १९५८ नंतर जशी धांदल होती, तशीच तिथं. २३ जुलै १९८३ चा दिवस. एअर कॅनडाचं १४३ क्रमांकाचं विमान माँट्रियलहून ओटावामार्गे एडमंटनला निघालं. विमान नवंकोरं, बोइंग ७६७. त्यात इंधन किलोग्रॅममध्ये मोजायचं होतं. त्या दिवशी नेमकं इंधन दाखवणारं यंत्र बंद होतं. म्हणून टाकीत पट्टी घालून मोजलं. निघालं ७,६८२ लिटर. प्रवासाला हवं होतं २२,३०० किलो.

लिटरचे किलो करायचे तर एका लिटरचं वजन माहीत हवं. या इंधनाचं ते होतं ०.८०३ किलो. पण हिशेबात वापरला गेला १.७७ हा आकडा. हा आकडा खोटा नव्हता. एक लिटर इंधन भरतं १.७७ पाउंड! फक्त त्याचं आडनाव गळून पडलं होतं.

मग काय झालं पाहा. ७,६८२ गुणिले १.७७ म्हणजे १३,५९७. सगळ्यांना वाटलं, हे किलो. म्हणजे आणखी ८,७०३ किलो हवेत, त्याचे झाले ४,९१७ लिटर. तेवढंच भरलं. खरं तर भरायला हवं होतं २०,०८८ लिटर! वाटेत ओटावाला इंधन पुन्हा तपासलं, पण तपासताना पुन्हा तोच १.७७. चुकीच्या पट्टीनं दहा वेळा मोजलं तरी उत्तर दहाही वेळा चुकीचंच येणार, नाही का?

विमान ४१,००० फुटांवर असताना धोक्याची घंटी वाजली. आधी एक इंजिन बंद पडलं, मग दुसरं. आत प्रवासी आणि कर्मचारी मिळून ६९ माणसं, आणि त्यांचं विमान आता नुसतंच तरंगत होतं! नशीब असं, की कॅप्टन रॉबर्ट पिअर्सन यांना ग्लायडर उडवायचा, म्हणजे इंजिनाशिवाय उडणारं विमान चालवायचा, सराव होता. सहवैमानिक मॉरिस क्विंटल यांना जवळच्या गिमली गावचा जुना हवाई तळ माहीत होता. तिकडं विमान वळवलं. पण त्या तळाच्या धावपट्टीवर तेव्हा मोटारींच्या शर्यती होत असत आणि त्या दिवशीही तिथं माणसं जमली होती! विमान उतरलं, पुढचं चाक दुमडलं, नाक जमिनीला घासलं आणि एकदाचं थांबलं. सगळे वाचले. लोक त्या विमानाला 'गिमली ग्लायडर' म्हणायला लागले.

सोळा वर्षांनी अशीच चूक मंगळापर्यंत पोचली. अमेरिकेच्या नासा संस्थेचं 'मार्स क्लायमेट ऑर्बिटर' हे यान २३ सप्टेंबर १९९९ रोजी मंगळाशी पोचताना कायमचं हरवलं. यान बनवणाऱ्या कंपनीच्या संगणकप्रणालीनं रॉकेटच्या धक्क्याचे आकडे पाउंडांच्या मापात दिले होते. नासाच्या लोकांनी ते न्यूटनच्या मापातले समजून वापरले. सव्वादोनशे किलोमीटर उंचीवरून जायचं होतं ते यान जेमतेम ५७ किलोमीटरवर आलं आणि संपलं. तिथं कुणालाच गणित येत नव्हतं असं थोडंच आहे? जगातले हुशार लोक होते ते. एवढंच, की एकानं आकडा दिला आणि दुसऱ्यानं "कशात?" हे विचारलं नाही.

तुमच्या घरात बघा

आता "हे सगळं मोठ्या लोकांचं" असं म्हणून पान उलटू नका. तुमच्या घरात पाहा.

ताप आला की आजी म्हणते, "शंभरच्या वर गेला तर डॉक्टरकडं न्यायचं." आजीचं थर्मामीटर फॅरनहाइटचं. पण घरात नवीन डिजिटल थर्मामीटर आलंय आणि ते सेल्सिअसवर लावलेलं आहे. ते दाखवतं ३९. आजी म्हणते, "एकोणचाळीस? मग ताप नाहीच की!" अहो आजी, ३९ सेल्सिअस म्हणजे १०२.२ फॅरनहाइट! म्हणून थर्मामीटर वाचताना आकड्याशेजारचं सी किंवा एफ अक्षर आधी वाचा. डॉक्टरांना फोन करतानाही ते सांगा.

औषधाच्या बाटलीवर मि.ग्रॅ. आणि मि.ली. ही दोन्ही अक्षरं असतात. पहिलं औषधाचं वजन, दुसरं पातळ औषध किती घ्यायचं ते. दोन्ही एक नव्हेत. बाटलीबरोबर मापाचं झाकण येतं तेच वापरायचं. स्वयंपाकघरातला चमचा प्रत्येक घरी निराळा असतो. आणि औषध द्यायचं काम मोठ्यांचं, तुमचं काम शेजारी उभं राहून मोठ्यानं वाचून दाखवायचं.

गाडीच्या चाकाकडं पाहा. तिथं १६५/८० आर १४ असं काहीसं कोरलेलं असतं. यातले १६५ हे मिलिमीटर, ८० हे टक्के आणि १४ हे इंच! टायर एक, आडनावं तीन. त्यात हवा भरणारा विचारतो, "किती पाउंड?"

पावसाळ्यात वर्तमानपत्रात येतं, "पवना धरणातून इतके क्युसेक पाणी सोडले." क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट, सुमारे २८ लिटर. पाच हजार क्युसेक म्हणजे सेकंदाला एक लाख एक्केचाळीस हजार लिटर. क्युमेक नावाचं दुसरं माप आहे, ते सेकंदाला एक घनमीटर. ते क्युसेकच्या पस्तीस पट! नदीकाठच्या माणसानं बातमी ऐकताना हा एका अक्षराचा फरक कानात साठवून ठेवायला हवा. पवना धरण साधारण साडेआठ टीएमसीचं, तर कोयना एकशे पाच टीएमसीचं. यातला एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, सुमारे २,८३२ कोटी लिटर.

मग जुनी मापं वाईट का?

मुळीच नाही. गुंठा शेतकऱ्याला डोळ्यांनी दिसतो, सूत सुताराच्या बोटांना कळतं. ज्या माणसाला आपलं माप ठाऊक आहे, तो त्या मापात चुकत नाही. चूक होते ती एका मापातून दुसऱ्या मापात उडी मारताना. म्हणून उडी मारण्याआधी खाली पाहायचं. सोपे तीन नियम सांगतो.

पहिला, आकडा ऐकला की विचारायचं, "कशात?" मोठ्यांनी सांगितला असला तरी विचारायचं. नम्रपणे, पण विचारायचं.

दुसरा, आकडा लिहिला की त्याच ओळीत एकक लिहायचं. वहीत, यादीत, चिठ्ठीवर, सगळीकडं.

तिसरा, उत्तर आलं की अंदाज घ्यायचा. घर फक्त १८० चौरस फुटांचं येतंय? आजारी माणूस ३९ वर आणि तरी ताप नाही? कुठंतरी आडनाव हरवलंय, पुन्हा बघा.

आणि हो, ते दोन भाऊ! त्यांच्या घरात सातवीत शिकणारी एक मुलगी आहे असं समजा. ती सातबारा घेऊन बसते, ४० ला १०० नं गुणते, त्याला १०.७६४ नं गुणते आणि धाकट्या काकाला म्हणते, "काका, बांध कुणीच कोरला नाही. वडिलोपार्जित कागदावरच चाळीस आर आहेत. आजोबा सवयीनं एकर म्हणायचे." काका पुन्हा एकदा वहीत पाहतो आणि मग म्हणतो, "दादाला हाक मार. चहा टाकायला सांग." अर्ध्या गुणाचं एकक केवढ्या कामाचं आहे, कळलं ना? आता पेपरात ते लिहायला विसराल का?

करून पाहा

१) सातबाऱ्यावर ०.२०.०० आहे. गुंठे किती? (१ गुंठा = १०१.१७ चौरस मीटर)

२) थर्मामीटर दाखवतं ३७.५ सेल्सिअस. फॅरनहाइट किती? (९ नं गुणा, ५ नं भागा, ३२ मिळवा.)

३) पणजीचा दागिना पाच जुन्या तोळ्यांचा. ग्रॅम किती?

४) तुमच्या घरातल्या टेपच्या दोन्ही कडा पाहा. एकीकडं इंच, दुसरीकडं सेंटिमीटर. घराचा दरवाजा दोन्हींत मोजा आणि गुणाकार करून जुळतो का ते ताडा.

उत्तरं : १) १९.७७ गुंठे, वीस नव्हे! २) ९९.५. ३) सुमारे ५८.३ ग्रॅम. ४) हे तुमचं तुम्हीच तपासा, इंचांना २.५४ नं गुणलं की सेंटिमीटर यायला हवेत.